शितले, आधी सावली बघ

शितले,

चौकात तुझा फ्लेक्स लागलाय. त्यावर लिहिलंय, 'नियतीने अवेळी घाला घातला'. हे वाक्य तुझ्याच कॉम्प्युटरमध्ये तयार पडलेलं होतं. गावात कुणी गेलं की नाव बदलायचं, फोटो बदलायचा, फुलांची चौकट तीच. तू म्हणायचीस, "नियती लई गुनाची बाई हाय, कुठंबी बसवा, बसती." आता तिच्या शेजारी तुला बसवलंय.

मी त्या फ्लेक्सखाली उभी राहिले आणि मला रडू आलं नाही, संताप आला. नियतीनं नाही गं. दगडानं. देवळालीकडं जाणाऱ्या आतल्या रस्त्यावर कुणीतरी मधोमध ठेवून विसरलेल्या दगडानं. नाव घ्यायचं तर त्याचं घ्या. पण दगडाचं नाव फ्लेक्सवर घालायला कुणी तयार होत नाही. कारण मग पुढचा प्रश्न येतो, तो तिथं ठेवला कुणी? त्याच्या पुढचा येतो, वळणावर दिवा का नव्हता, पट्टा का नव्हता? नियतीला असलं काही विचारता येत नाही. म्हणून तर ती सगळ्यांना आवडते.

बघ, लागले मी पुन्हा. तू असतीस तर खुर्ची गर्रकन फिरवून म्हणाली असतीस, "झालं चालू पत्रक."

कोल्हारच्या स्टँडसमोरचं तुझं ते डीटीपीचं दुकान मी आता टाळते, वळसा घालून जाते. तिथंच आपली ओळख झाली. रस्त्याच्या आंदोलनाचं पहिलं पत्रक मी हातानं लिहून आणलं होतं आणि तू ते टाइप करताना मोठ्यानं वाचत होतीस. सगळी गिऱ्हाइकं ऐकत होती. खड्डे बुजवलेच पाहिजेत. साइडपट्ट्या भरल्याच पाहिजेत. दोषींवर कारवाई झालीच पाहिजे. मध्येच थांबून तू विचारलंस, "ताई, हे सगळं करायचं कुनी?"

"शासनानं."

"मग तसं लिव्हा की. हितं तर नुसतंच झालं पाहिजे. आपोआप झाल्यागत."

"तुम्ही टाइप करा," मी म्हणाले, "मजकूर आमचा आहे."

"करते की. पर माझ्या कीबोर्डवरचा प घासून गेला, तो तुमच्या संघटनेनं भरून द्यायचा."

पुढं तू त्याची सोयच करून टाकलीस. नुसतं 'झा' टाइप केलं की पडद्यावर 'झालेच पाहिजे' आपोआप उमटायचं. कारवाईला ते व्याकरणात बसायचं नाही, मग मागं जाऊन तू 'ले'चा 'ली' करायचीस. एकदा एका नर्सरीवाल्याच्या बोर्डावर 'झाडे लावा'च्या जागी 'झालेच पाहिजेडे लावा' छापून जायचं, थोडक्यात वाचलं. तेव्हापासून मी पायरीवर दिसले की आतून हाक यायची, "ए झालंच-पाहिजे! ये, च्या सांगू का?" माझं खरं नाव तुझ्या तोंडून शेवटचं कधी ऐकलं, ते मला आठवत नाही.

गिऱ्हाईक नसलं की तुझ्या पडद्यावर रस्ता असायचा. जगातला कुठला तरी रस्ता. तो खेळ तुला कुठल्याही देशात, खऱ्याखुऱ्या रस्त्याच्या फोटोत नेऊन सोडायचा. नाव नाही, गाव नाही. आजूबाजूला बघायचं आणि देश ओळखायचा. मला वाटायचं, टाइमपास आहे नुसता. मग एकदा पाहिलं, पडद्यावर नुसतं गवत, डांबर आणि एक बुटका खांब होता, आणि तू बशीतला चहा फुंकत म्हणालीस, "पोलंड."

"कशावरनं?"

"खांब बघ की. पांढरा, आन् त्याला तांबडी पट्टी, तिरपी. अशी तिरपी त्यांचीच."

आणि निघालं पोलंडच.

मग तू मला शिकवायला बसलीस. माझ्यासारख्या उतावळीला शिकवायचं म्हणजे शिक्षाच होती तुला. मी आल्या आल्या पाटी शोधायला धावायचे आणि तू माझ्या हातावर चापट मारायचीस. "बोर्ड वाचून कुनीबी सांगंल. घाबरल्यावानी पळू नको. जिथं सोडलंय तिथं आधी गप उभी ऱ्हा. आधी सावली बघ, कुठल्या अंगाला पडली. त्यावरनं कळतं आपन जगाच्या वरल्या अर्ध्यात हाय का खालल्या. मग रस्त्याच्या कडा बघ. मग खांब. मग झाडं. मानसं असली तर ती काय करत्यात ते बघ. बोर्ड सगळ्यात शेवटी."

दक्षिण आफ्रिकेत रस्त्याच्या कडेची रेघ पिवळी असते. केनियात, फोटो काढत फिरणाऱ्या गाडीचं हवा ओढायचं नळकांडं कोपऱ्यात दिसतं. हे सगळं तुला तोंडपाठ. तू स्वतः परीक्षेच्या निमित्तानं फार तर पुण्यापर्यंत गेलेली, तीही सकाळी जाऊन संध्याकाळी परत. दुपारी मावशींचा फोन यायचा, "जेवली का गं? कुठं हायस?" तू फोन स्पीकरवर टाकून सांगायचीस, "पोलंडमधी हाय आई. खाते आता." आणि मावशीही काही कमी नाहीत. "बरं, येताना तिकडनं कोथिंबीर आन."

एकदा तू म्हणाली होतीस, "त्या खांबाला एकदा हात लावायचाय. बाकी काय बघायचं न्हाई. हात लावायचा आन् म्हागारी यायचं." मी हसले नव्हते. तू हसली होतीस.

आणि तो अंगोलाचा दिवस. पडद्यावर एक रस्ता होता. कडेची पाटी दिसू नये म्हणून तू तिथं कागदाचा तुकडा चिकटवला होतास. उखडलेलं डांबर, खचलेली साइडपट्टी, पांढऱ्या पट्ट्याचा पत्ता नाही, खांब नाही. मी छातीठोकपणे सांगितलं, "अंगोला." अंगोलाबद्दल मला काडीची माहिती नव्हती. तू टेबलावर डोकं टेकून हसलीस, खांदे हलत होते तुझे. मग कागद काढलास. आपलाच रस्ता होता. देवळालीचा आतला रस्ता. ज्याच्यासाठी मी मांडव टाकून उपोषणाला बसले होते, तो.

"सोताचा रस्ता वळखंना आन् मोर्चे काढती!"

"असल्या रस्त्यात ओळखण्यासारखं आहे काय?" मी चिडले.

"हाय की. बाभळी बघ."

मग मी पाहिल्या. कडेच्या बाभळींना, माणसाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, उसाचं वाळलेलं पाचट लोंबत होतं. फांदीफांदीला. उसानं भरलेल्या ट्रॉल्या खालून घासून जातात आणि काटे त्यातलं मूठ मूठ पाचट काढून ठेवतात. दर हंगामात मी ते डोक्यावर घेऊन हिंडले होते. "अशी दाढी कुठल्या देशातल्या झाडाला हाय, सांग," तू म्हणालीस. "तू रस्ता बघितलाच न्हाई, झालंच-पाहिजे. खड्डा बघितला."

ते मला लागलं. आपलं भांडण तिथून सुरू झालं, आणि ते आता अर्धंच राहणार.

माझं म्हणणं होतं, आपला देश जे नाही त्यावरून ओळखू येतो. पट्टा नाही, दिवा नाही, खांब नाही, विचारायला माणूस नाही, की समजायचं, आलो घरी. तू मान हलवायचीस. "सरकारनं लावलेल्या वस्तूवरनं सरकार कळतं. देश लोकांनी लावलेल्यावरनं कळतो." आणि मग तुझा आवडता घाना. "त्या फोटोच्या गाडीच्या टपावरल्या कॅरिअरला काळी चिकटपट्टी गुंडाळल्याली दिसती. ती दिसली की घाना. अख्खा देश चिकटपट्टीवर वळखू येतो! ती काय मंत्र्यानं लावली? डायव्हरनं लावली असंल, खडखड वाजतंय म्हनून."

"आणि आपल्याकडं लोकांनी काय लावलंय?"

तुझ्याकडं यादी तयार होती. खड्ड्यात उभी केलेली बाभळीची फांदी. ट्रॉलीच्या शेपटाला बांधलेलं लाल फडकं. आणि गाडी बंद पडली की तिच्या मागं रस्त्यावर मांडलेले दगड. "हे कुठल्या पुस्तकात हाय? कुनी शिकवलं? तरी दगड दिसले की बारकं लेकरूबी सांगतं, फुडं कुनीतरी अडकलंय, दमानं घ्या. पोलंडची तिरपी पट्टी, तशी ही आपली."

मी विचारलं, "आणि गाडी नीट होऊन गेली की ते दगड कोण उचलतं?"

तेवढ्यात कुणीतरी आधार कार्डाची झेरॉक्स मागत आलं. "सांगते," तू म्हणालीस, "याचं देते आन् सांगते." त्याच्यामागं आणखी एक आला, मग वीज गेली, मग मी निघाले. सांगायचं राहिलं.

पुढचं मला लिहायचं नाही, पण फ्लेक्सवर खोटं लिहिलंय म्हणून लिहिते. उसाची ट्रॉली पंक्चर झाली होती. ड्रायव्हरनं मागं दगड मांडले, आपल्या पद्धतीनं, लांबून दिसतील असे मोठे. टायर बदललं, तो गेला. दगड राहिले. दिवेलागणीला तू दुकान बंद करून स्कूटीवर घरी निघालीस. दगडांच्या पुढं कुणीच अडकलेलं नव्हतं. खूण तेवढी रस्त्यावर होती, तिचा अर्थ केव्हाच निघून गेला होता.

वाद मी जिंकले, शितले. घे तो परत. मला नको.

मी पोचले तेव्हा तुला नेलं होतं. वळणावरचे रसवंतीवाले मामा तिथंच बसले होते, रस्त्याच्या कडेला, चप्पल न घालता. आवाज ऐकून पहिले तेच धावले होते. मी त्यांच्यावरच ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग सांगितलं.

"पडली तवा मागनं गाड्या येतच हुत्या गं. अंधारात कुनाला दिसतंय? मंग आमी तेच दगड उचलले आन् तिच्या भवती लावले. चारी अंगानी. म्हनून तरी गाड्या बाजूनं गेल्या. ॲम्ब्युलन्स येस्तवर एक चाक जवळ येऊ दिलं न्हाई."

"काही बोलली का?"

"पानी मागितलं. घोटभर पेली. लांब गेलती नजर तिची, झाडाकडं."

तेच दगड गं. ज्यांनी तुला पाडलं, त्यांनीच तुला राखलं. आता तू सांग वाद कोण जिंकलं. मी मामांच्या शेजारी मातीत बसले, आणि तेव्हा रडू आलं. वर बाभळीला पाचट लोंबत होतं.

संघटनेची बैठक झाली. ठरलं की पत्रक काढायचं. वर तुझा फोटो, शेजारी खड्ड्याचा, खाली 'आणखी किती बळी?' मी म्हणाले, मी लिहिते. मला तेच तर येतं. लिहून दुकानात गेले. तुझ्या खुर्चीत मालक बसले होते, बापू. त्यांना टायपिंग धड येत नाही, एका बोटानं अक्षरं शोधत होते. 'दोषींवर कारवाई' इथवर आले. पुढं 'झा' टाइप केलं आणि पडद्यावर आपोआप उमटलं, झालेच पाहिजे.

बापूंनी बोट मागं घेतलं. व्याकरणात ते बसत नव्हतं. 'ले'चा 'ली' करणारी तिथं नव्हती. आम्ही दोघं नुसते त्या 'ले'कडं बघत बसलो. मग मी उठून बाहेर आले.

दहाव्याला नदीवर महाराज माइकवरून सांगत होते की येणारा-जाणारा श्वास वरच्याच्या हातात आहे. मला उठून विचारावंसं वाटत होतं, मग साइडपट्टी कुणाच्या हातात आहे? मावशी माझ्याजवळ येऊन बसल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "तिचा फोटू खड्ड्याशेजारी छापनार हायेत म्हनं तुमची लोकं."

"नाही छापणार, मावशी."

"नगं छापू. खड्डेवाली म्हनून वळख नगं तिची."

मग त्यांनीच विचारलं, "ते दगड उचलले का गं कुनी?"

मला माहीत नव्हतं. निवेदन दिलं होतं. खात्याच्या साहेबांना घेराव घातला होता, आणि साहेबांनी पंखा सुरू करून 'काम प्रस्तावित आहे' असं सांगितलं होतं. त्यांना मी सोडणार नाही. दिवा आणि पट्टा त्यांच्याकडून घेणारच, आणि आता 'आपोआप' लिहिणार नाही. कुणी करायचं, कुठल्या खुर्चीनं करायचं, ते वाक्यात लिहीन. तुझंच म्हणणं होतं ते. पण दगडांचं कुणी बोललंच नव्हतं. निवेदनात दगड नव्हते.

आम्ही नदीवरूनच गेलो. मावशी माझ्या गाडीवर मागं. दगड होते. पंचनामा झाला होता, पोलीस येऊन गेले होते, पुढारी येऊन गेले होते, आणि सगळ्यांनी त्यांना वळसा घातला होता. गाड्यासुद्धा शिस्तीत वळसा घालून जात होत्या. दगडांच्या मध्ये तुझ्याएवढी जागा मोकळी होती.

मामा खोपटातून आले. आम्ही तिघांनी उचलले आणि बाभळीखाली नेऊन ठेवले. सगळ्यात मोठ्याला मावशींनी कुणाला हात लावू दिला नाही. दोनदा टेकवला, पण स्वतःच नेला.

पत्रक निघालंय, शितले. बापूंनीच टाइप केलं, एका बोटानं. एकच ओळ आहे, 'गाडी निघाली की दगड उचला.' त्यात कुठंही 'झा' येत नाही. पंक्चरच्या दुकानांवर लावलंय, मामांच्या रसवंतीवर लावलंय, कारखान्याच्या गेटवर उसाच्या गाड्यांची रांग असते तिथं मी हातानं वाटते. ड्रायव्हर उलटसुलट करून बघतात. "ताई, मागनी काय हाय यात?" मी म्हणते, "मागणी नाही, काम आहे." एक जण हसला, म्हणाला, "एवढंच? मला वाटलं संपबिंप हाय."

दुसरा एक जण होता, बोलण्यावरून पाथर्डीकडचा. त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. मग कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि ट्रॅक्टरच्या चाकाकडं बघत उभा राहिला. मान वर केली नाही. तो तोच होता का, मी विचारलं नाही. मी, जी कुणालाही काहीही विचारते. पुढच्या गाडीकडं गेले.

तू काय सांगणार होतीस त्या दिवशी, झेरॉक्स देऊन झाल्यावर? हेच का? की काहीतरी चावट बोलून मला टोलवणार होतीस? तुझं काही सांगता येत नाही. मी हे उत्तर तुझ्या नावावर टाकते, पटलं नाही तर तुझा हक्क आहे भांडायचा. ये भांडायला.

एक राहिलं. दगड ठेवून झाल्यावर मामांनी आमच्या हातांवर पाणी घातलं. मावशी पदराला हात पुसत पुसत थांबल्या. म्हणाल्या, "तिला कुठंबी नेऊन सोडलं तरी कळायचं ना गं, आपन कुठं हाय ते?"

"हो मावशी. लगेच कळायचं."

"मंग आताबी कळलं असंल?"

शितले, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, तुला माहीत आहे. उपासतापासावरून मी तुझ्याशी किती वाद घातलाय. पण मावशींच्या तोंडाकडं बघून मी "व्हय" म्हणाले. तुझ्यासारखंच म्हणाले, व्हय. आता तेवढा माझा शब्द राख. कुठं सोडलंय तुला मला माहीत नाही. घाबरल्यावानी पळू नको. पाटी शोधू नको. गप उभी राहा जरा. आधी सावली बघ.